सांधा दिसू द्या

पत्र: आमचा वाडा औसा तालुक्यात, गावठाणात आहे. घरातले म्हणतात दीडशे वर्षांचा, पण कागद कुठलाच नाही. पुढं दाराशी बैठकीची ढाळज, मधे चौक, तीन बाजूंनी सोपे म्हणजे ओसऱ्या, मागं माजघर. परसात गोठा होता, तो चार पावसाळ्यांमागं बसला. भूकंपात वाडा उभा राहिला, माजघराची मागची भिंत तेवढी पोट काढून आहे. घरात आम्ही दोघं आणि सासूबाई. त्यांचे गुडघे गेलेत. रात्री परसात संडासला जायचं म्हणजे मलाही उठावं लागतं. मुलगा-सून पुण्याहून कायमचे परत येणार म्हणतात. त्यांना दोन खोल्या आणि आतच न्हाणी-संडास पाहिजे. गुत्तेदार म्हणतो, माजघर पाडून स्लॅब टाकू, नाहीतर माळवदावरच, म्हणजे मातीच्या सपाट छतावरच, दोन खोल्या चढवू. मोठे दीर म्हणतात, सगळाच पाडा, उंदरांचं घर झालंय. मुलाच्या मित्रानं मोबाइलवर नकाशा पाठवलाय. त्यात महिरपी, नक्षीचे खांब, सगळं फायबरचं. म्हणे जुन्याशी मेळ बसेल. मला वाडा ठेवायचा आहे आणि सासूबाईंचे हालही बघवत नाहीत. काय करू?

उत्तर:

ताई, आधी सासूबाईंची सोय. नव्या खोल्या एक-दोन वर्षं थांबल्या तरी वाड्याला काही होत नाही, त्यांच्या गुडघ्यांना होतं. त्यामुळं दोन खोल्यांच्या नकाशात अडकून न्हाणी लांबवू नका. नवं बांधकाम जिथं येणार त्याचा पहिला तुकडा म्हणून न्हाणी-संडास बांधून घ्या, खोल्या नंतर त्याला जोडा. कमोड बसवा, भिंतीला धरायला दांडी लावा, दार तीन फुटांचं ठेवा. उद्या चाकाची खुर्ची लागली तर अडीच फुटी दारातून ती नेताना अडचण होते. उंबरा ठेवू नका. उंबऱ्याची पूजा करायची तर माजघराचा उंबरा आहेच.

आता मूळ प्रश्न. गुत्तेदार, दीर आणि मुलाचा मित्र यांची तोंडं तीन दिशांना आहेत, पण तिघांच्याही बोलण्यात एक गोष्ट गृहीत आहे, की वाडा एकदाच बांधला गेला आणि तिथंच संपला. तसं नसतं. एका संध्याकाळी उन्हं तिरपी असताना वाड्याच्या बाहेरून फेरी मारा आणि भिंती बघा. कुठंतरी एक उभी रेघ सापडेल, जिथं एका बाजूच्या दगडांचे थर दुसऱ्या बाजूच्या थरांशी जुळत नाहीत. आत या आणि खांबांखालची उथळी बघा. काही घडीव असतील, काही नुसते चौकोनी दगड. तुळईचं तासकाम एका सोप्यात बारीक, दुसऱ्यात जाडंभरडं असेल. याचा अर्थ तुमच्या घरात कुणीतरी आधीच वाढीव बांधकाम केलंय. आपल्याकडं वाडा खणांनी, म्हणजे दोन खांबांमधल्या अंतरांनी मोजतात, आठ खणी, बारा खणी, आणि तो वाढायचाही खणांनीच. मुलाचं लग्न ठरलं की मागं दोन खण, सुगी चांगली झाली की बाजूला एक सोपा. त्या माणसानं नव्याचं वय लपवायचा खटाटोप केला नाही. त्यानं माप तेच ठेवलं आणि सांधा तसाच दिसू दिला. तुम्हाला सल्ला म्हणून मी जे सांगणार आहे ते एवढंच आहे. बाकी सगळा तपशील.

माळवदावर खोल्या चढवायच्या नाहीत, हे आधी निकाली काढू. गुत्तेदार म्हणेल, एवढ्या मातीचं वजन पेलणारा वाडा दोन खोल्या सहज पेलेल. ऐकायला पटतं. एक घनफूट दाबलेली माती पंचेचाळीस-पन्नास किलो भरते. दहा बाय बाराच्या खोलीवर दीड फूट माती म्हणजे आठ-नऊ टन. तेवढ्याच खोलीवर पाच इंची स्लॅब टाकला तर साधारण साडेतीन टन. म्हणजे स्लॅब मातीपेक्षा हलकाच आहे. पण चढवलेल्या खोलीचं वजन मातीसारखं सगळीकडं सारखं पसरत नाही. विटांच्या भिंती खालच्या ज्या दोन-तीन तुळयांवर येतात तिथंच ते उतरतं. शिवाय उंचावरचं वजन हादऱ्यात जास्त हेलकावतं, आणि वरच्या न्हाणीचं पाणी एक दिवस माळवदात मुरतंच. सरे आणि किलच, म्हणजे मातीखालच्या लाकडी कड्या आणि चिपा, कुजायला एक गळका पाइप पुरतो.

किल्लारीच्या भूकंपाचं तुम्हाला मी सांगायची गरज नाही. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. औशाच्या माणसाला ही वेळ पाठ असते. पण त्या पहाटे नेमकं काय पडलं आणि काय तगलं, हे आपण नीट लक्षात ठेवलं नाही. दगडमातीच्या दोन-अडीच फुटी भिंती बाहेरून एकसंध दिसतात. आत त्या दोन पदरी असतात, मधे दगडांचा चुरा आणि माती. दोन पदरांना बांधणारा आरपार दगड नसला की हादऱ्यात पदर सुटतात, पोट काढतात आणि कोसळतात. छताच्या तुळया नुसत्या भिंतीवर टेकल्या असतील तर वरची सगळी माती माणसांवर येते. उलट जिथं तुळया लाकडी खांबांवर होत्या, म्हणजे खरी खणाची घरं, तिथं पुष्कळदा भिंत बाहेर पडली आणि छप्पर खांबांवर उभं राहिलं. तुमचा वाडा उभा राहिला तो बहुधा यामुळं. पण आपल्या मनात दगड म्हणजे मरण असं बसलं. मग धडधाकट वाडेसुद्धा पाडले गेले, सागवान व्यापाऱ्यानं टेंपोत भरून नेलं, आणि त्या जागी काँक्रीटच्या पट्ट्यांशिवायच्या विटांच्या भिंतींवर स्लॅब पडले. त्यातले काही स्लॅब बघून मला वाड्यापेक्षा जास्त भीती वाटते.

म्हणून नव्या खोलीआधी जुन्या भिंतीकडं बघा. माजघराच्या कडेच्या भिंतींत खांब दडलेले आहेत का, हे गवंड्याला दोन-तीन ठिकाणी गिलावा उकरून बघायला सांगा. खांब असतील तर निम्मी काळजी मिटली. पोट काढलेल्या भिंतीला वरून सिमेंटचा गिलावा मारून ‘मजबूत’ करण्याच्या भानगडीत पडू नका. सिमेंटनं ओल आतच कोंडते, मातीचा सांधा भुसभुशीत होतो, लोणा लागतो, आणि वरचा पापुद्रा शाबूत दिसतो म्हणून कुणाला कळतही नाही. तुळयांना टेकू देऊन ती भिंत तुकड्या-तुकड्यानं उतरवायची आणि त्याच दगडांत परत रचायची, दर दोन फूट उंचीला आणि आडव्यात दर चार फुटांवर एक आरपार जोडदगड घालून. तेवढा लांब दगड मिळाला नाही तर त्या जागी सळई घातलेला काँक्रीटचा ठोकळा चालतो. ज्या भिंती सरळ आहेत त्या उतरवायच्या नाहीत. त्यांना दोन्ही अंगांनी एकेक दगड हलक्या हातानं काढून आरपार भोक करतात आणि सळईचा आकडा ठेवून काँक्रीट भरतात. भूकंपानंतर लातूर-धाराशिवकडं हे काम बऱ्याच गवंड्यांनी शिकून घेतलं होतं. तालुक्यात एखादा म्हातारा गवंडी अजून सापडेल. भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस १३८२८ या मानकात दगडमातीच्या घरांसाठी हीच मापं दिली आहेत, इंजिनिअर कां-कूं करायला लागला तर त्याला तो आकडा सांगा.

माळवदावरची माती मोजा. दर उन्हाळ्यात पावसाआधी पांढरी माती टाकायची आपली रीत, जुनी खरवडायची मात्र आठवण कुणालाच राहत नाही. त्यामुळं फुटाचे दोन फूट होतात. सात-आठ इंच ठेवून बाकीची उतरवली तर गारवा फारसा कमी होत नाही आणि तुळयांना श्वास मिळतो. उतरवताना एका कोपऱ्यापासून सलग जाऊ नका, चौफेर थोडी थोडी काढा. साणं, म्हणजे छतातलं उजेडाचं भोक, बुजवलं असेल तर उघडा आणि त्यावर काच बसवा. माजघर अंधारं म्हणून पाडायला निघालेले लोक मी पाहिलेत, आणि दोन साणी उघडल्यावर तिथंच पेपर वाचत बसलेलेही तेच.

आता नव्या खोल्या. जागा तुम्हीच पत्रात लिहून दिली आहे, फक्त तुमच्या लक्षात आली नाही. पडलेला गोठा. वाड्याची रीतच अशी असते की पुढं परक्याचं, मागं घरच्याचं. ढाळजेत आलागेला, चौकात पाव्हणेरावळे, माजघर घरातल्या बायकांचं, आणि परसात पाणी, जनावरं, सरपण. ओलं काम मागं, हे वाड्यानंच ठरवून ठेवलंय. न्हाणी-संडास तिथं गेले तर चौकाला धक्का लागत नाही, रस्त्यावरून वाडा होता तसा दिसतो, आणि तिथं छत पूर्वीही होतं, त्यामुळं डोळ्यालाही काही खुपत नाही. माजघर पाडून त्या जागी खोल्या करणं म्हणजे जेवणारे वाढले म्हणून चूल फोडण्यासारखं आहे.

पण नवं काम जुन्या भिंतीला चिकटवू नका. इथं मी माझीच फजिती सांगतो. नोकरीला लागून दोन-तीन वर्षं झाली होती, अंगात इंजिनिअरिंगची मस्ती होती. आजोळच्या वाड्याला मी मागून एक स्लॅबची खोली जोडली. एक भिंत वाचते म्हणून स्लॅबची कड सरळ जुन्या भिंतीत खाच मारून टेकवली. मामा नको म्हणत होते, मी आकडेमोड दाखवली. तिसऱ्या उन्हाळ्यात सांध्यात बोट जाईल एवढी भेग. पावसाळ्यात ती थोडी मिटायची, उन्हाळ्यात परत उघडायची, आणि दर वर्षी तिच्यातून पाणी आत. काळी माती फुगते आणि आकसते, तिच्यावरचा पाया हलतो. जुनी भिंत शंभर वर्षं बसून बसून एका जागी ठरलेली, नवी अजून बसायची आहे. दोघींना एकत्र बांधलं की एक दुसरीला ओढते. मामांनी मला कधी बोलून दाखवलं नाही. फक्त पाव्हणा आला की त्याला आवर्जून त्या खोलीत झोपवायचे.

म्हणून नव्या खोल्या स्वतःच्या पायावर, स्वतःच्या चार भिंतींवर उभ्या राहू द्या, जुन्या भिंतीपासून चार-पाच फूट सुटून. मधल्या बोळावर पत्र्याचं किंवा मंगलोरी कौलांचं हलकं छप्पर घाला. त्याचा भार नव्या बाजूच्या खांबांवर. जुन्या भिंतीला ते नुसतं खेटेल, टेकणार नाही. सांध्यावर पत्र्याची पट्टी वाकवून लावली की पाणी येत नाही आणि दोन्ही बाजू आपापल्या हलू शकतात. माजघराचं परसात उघडणारं दार आहे तेच जोडदार करा, नवं भगदाड पाडू नका. बोळाची फरशी माजघराच्या पातळीला घ्या, म्हणजे सासूबाईंना रात्री एकही पायरी नाही. परसात उतरायला उतरण हवीच असेल तर एक फूट उंचीला बारा फूट लांबी धरा. आखूड केली की ती घसरगुंडी होते.

पाया खणण्याआधी पहारीनं जागा ठोकून बघा. गावठाण पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या पांढऱ्या मातीवर असलं तरी परसात भराव असतो, उकिरडा असतो, आणि जुन्या घरांत धान्याची पेवं, म्हणजे जमिनीतली कोठारं असतात. बुजवलेल्या पेवावर भिंत आली तर ती कधी खचेल सांगता येत नाही. मुरूम लागेपर्यंत खणा. जुन्या भिंतीच्या बाजूचा चर एकदम सगळा उघडू नका. चार फूट खणायचं, भरायचं, मग पुढचे चार फूट. जुन्या वाड्याचा पाया बहुधा तुमच्या नव्या चराइतका खोल नसतो, आणि जेसीबीवाल्याला घाई असते. न्हाणीचं सगळं पाणी वाड्यापासून लांब, उलट्या दिशेला काढा. शोषखड्डा जुन्या भिंतीजवळ नको, दहा-बारा फूट तरी सोडा.

भिंती नऊ इंची विटांच्या केल्या तर जोत्याला, दाराखिडक्यांच्या वर आणि छताखाली असे तीन सलग काँक्रीटचे पट्टे आणि कोपऱ्यांत उभ्या सळ्या पाहिजेतच. १९९३ ला आपला भाग भूकंपाच्या नकाशात सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. २००२ मध्ये तो नकाशा बदलला आणि लातूर तिसऱ्या पट्ट्यात गेलं. गुत्तेदार ‘आपल्याकडं कशाला एवढं’ म्हणाला तर त्याला किल्लारी किती किलोमीटर आहे ते विचारा.

आता दिसण्याचं. फायबरच्या महिरपी नकोत. मुलाच्या मित्राचा हेतू चांगला आहे, पण तुमच्या चौकात खऱ्या सागवानी महिरपी असतील तर शेजारी फायबर ठेवल्यावर लोक खऱ्यालाही हात लावून बघतील, हे पण फायबरच का म्हणून. जुन्या वास्तू जपणाऱ्यांनी १९६४ साली व्हेनिसला जी सनद केली तिच्यातही हेच आहे, की नव्यानं घातलेलं काम मूळ कामापासून ओळखू यायला हवं. मी तिच्या सगळ्या कलमांचा भक्त नाही. ती मुख्यतः स्मारकांसाठी आहे आणि वाड्यात माणसं राहतात, चहा करतात, भांडतात. पण एवढं कलम आपल्या खापरपणज्यानं न वाचताच पाळलं होतं.

नक्कल टाळली म्हणजे काचेचा डबा उभा करायचा असंही नाही. मेळ मापानं बसतो. सोप्यातल्या दोन खांबांमधलं अंतर मोजा, तोच तुमच्या वाड्याचा खण. नव्या खोल्यांची लांबी त्या खणाच्या पटीत घ्या, खिडक्या त्याच अंतरानं पाडा. खिडकी उभी आणि अरुंद ठेवा, जशा जुन्या आहेत. आडवी सहा फुटी सरकती काच आपल्या मे महिन्यात खोलीची भट्टी करते, ते वेगळंच. नव्या छताची कड माळवदाच्या कठड्याच्या खाली राहू द्या.  ही उंची कागदावर कळत नाही, त्यासाठी एक सोपी युक्ती आहे. गोठ्याच्या जागेच्या चार कोपऱ्यांत बांबू रोवा, ठरवलेल्या उंचीला लाल फडकं बांधा, आणि चौकात तुळशीपाशी उभं राहून बघा. मग ढाळजेतून, मग रस्त्यावरून. फडकं दिसलं तर अर्ध्या फुटानं खाली घ्या. चार बांबूंचा खर्च, आणि घरातल्या सगळ्यांना मत देता येतं. मोठ्या दिरांनाही बोलवा, पुढचं बोलणं सोपं जातं.

बाहेरून नव्या भिंतीला चुन्याचा हात द्या, पांढरा किंवा मातकट. दगडाचं चित्र काढलेल्या टाइल्स नकोत. फरशी शहाबादी घ्या, ती जुनीही शोभते आणि नवीही, ओली झाली तरी गुळगुळीत ग्रॅनाइटसारखी दगा देत नाही. स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि वरून पांढरा रंग केला तर रात्री छत निखाऱ्यासारखं धगधगणार नाही. तरी मुलगा-सून मे महिन्यात दुपारी माजघरातच येऊन झोपतील, हे मी आत्ताच लिहून ठेवतो. पडलेल्या गोठ्याचं लाकूड ढिगात असेल तर त्याचा वापर भार पेलायला करू नका. वाळवी कुठवर गेलीय ते वरून दिसत नाही. बाक, फळ्या, एखादं दार यांना ते चांगलं. आणि वाड्यातला खांबावरचा एकही कोरीव हस्त किंवा तुळई काढून नव्या खोलीत शोभेला लावायची नाही. हा मोह सुनांपेक्षा मुलांना जास्त होतो, माझा अनुभव.

कागदांचं थोडक्यात. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला, म्हणजे घरपट्टीच्या नोंदवहीत, घर कुणाकुणाच्या नावावर आहे ते बघा. दिरांचं नाव असेल तर त्यांची लेखी संमती आणि बांधकामाची परवानगी घेतल्याशिवाय वीट हलवू नका. जवळपास केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक असेल तर शंभर मीटरच्या आत नवं बांधकाम होत नाही, दुरुस्तीलाही परवानगी लागते, आणि पुढच्या दोनशे मीटरांतल्या बांधकामालाही परवानगी घ्यावी लागते. दौलताबाद-खुलताबादच्या वाचकांना हे माहीत असतं. तुमच्याकडं लागू आहे का ते एकदा विचारून घ्या.

दिरांना काय सांगायचं, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण पत्रात जाणवतं. वाड्याच्या आठवणी, पूर्वज वगैरे काढू नका, त्यांना त्या तुमच्याइतक्याच आहेत आणि त्याचाच त्रास होत असेल. वाडा पाडून तेवढंच घर बांधायला किती लागेल आणि एक भिंत, माळवद नि मागच्या दोन खोल्या यांना किती लागेल, असे दोन अंदाज एकाच गुत्तेदाराकडून लेखी घ्या आणि त्यांच्यापुढं ठेवा. उंदरांचा मुद्दा त्यांचा बरोबर आहे. धान्य साठवायचं बळद रिकामं करून चुना मारून घ्या.

पुढच्या पत्रात मला तीन मापं कळवा: खणाचं अंतर, माळवदावरच्या मातीची जाडी, आणि मागच्या भिंतीला वरून ओळंबा सोडल्यावर पोट किती इंच बाहेर आहे ते. आणि सासूबाईंना आजच विचारा, परसात पेव कुठं होतं. त्यांनी सांगितलेल्या जागेवर चुन्याची फक्की टाकून ठेवा, जेसीबी दारात यायच्या आधी.